ईआरसीपीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीवर) करतात ती प्रक्रिया. तिच्या संमतीपत्राचं मराठी करतोय. पूर्ण नाव 'एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलॅन्जिओपॅन्क्रिएटोग्राफी', त्याला 'अंतर्दर्शी प्रतिगामी पित्त-स्वादुपिंडनलिका तपासणी' चालेल का?

प्रतिसाद १ : 'प्रतिगामी' वाचून पुरोगाम्यांचे विरोधकच आठवतील. मुद्दा साधा आहे. पित्त यकृताकडून आतड्यात उतरतं, इथे रंगद्रव्य आतड्याकडून वर चढवतात. 'प्रवाहाच्या उलट' म्हणा. नुसतं 'पित्त'ही लिहू नका, लोक आम्लपित्त समजतात. 'पित्तनलिका' लिहा.

प्रतिसाद २ : 'तपासणी'लाच माझी हरकत आहे. नुसतं पाहायचं असेल तर आता एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करतात, त्यात नळी घालावी लागत नाही. ईआरसीपी बहुतेक वेळा उपचारासाठीच होते आणि तिचे धोके उपचाराचे असतात. १०० पैकी साधारण ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला नंतर सूज येते. शिवाय रक्तस्राव, आतड्याला छिद्र, जंतुसंसर्ग. 'तपासणी' लिहिलंत तर सही करणाऱ्याला हे कळणारच नाही.

प्रतिसाद ३ : सगळ्यात जास्त घोळ 'दुर्बीण' घालते. पित्ताशय काढतात तेही 'दुर्बिणीचं ऑपरेशन', पण तिथे पोटाला छिद्रं पाडतात. इथे दुर्बीण तोंडातून, जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला जाते. तिचा कॅमेरा टोकाला समोर नसून बाजूला असतो, कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीत, एका बारक्या उंचवट्यावर असतं. त्यात तार सरकवायची, रंगद्रव्य सोडायचं, एक्स-रेवर बघायचं. खडा दिसला तर तोंडाशी असलेल्या स्नायूला विजेच्या तारेने छेद द्यायचा आणि फुग्याने किंवा जाळीने खडा आतड्यात ओढायचा. तो शौचावाटे जातो. पित्ताशयातले खडे मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणून 'खडे काढले' असं मोघम लिहू नका, 'पित्तनलिकेतले खडे' लिहा. नाहीतर पुढे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक विचारणारच, 'मग तेव्हा काय काढलं?'

प्रश्नकर्ता : मग 'ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार)' असं ठेवतो. आणि पित्तनलिका उघडी राहावी म्हणून आत ठेवतात त्या बारीक नळीला, 'स्टेंट'ला?

प्रतिसाद २ : 'स्टेंट'च ठेवा. 'नळी टाकली' म्हटलं की ती कायमची वाटते. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर गाळ साचून तुंबतो आणि थंडीताप, कावीळ सुरू होते. त्याच ओळीत लिहा : 'तात्पुरता स्टेंट, काढण्याची तारीख ____'.