जीटीए फाइव्हबद्दल मामाचा उशिरा आलेला अभिप्राय

भाचा: मामा, दिवाळीत तू माझ्याकडून ‘जीटीए फाइव्ह’ नेलास, त्याला आता महिना होत आला. ज्या व्हिडिओ गेमच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्याबद्दल तुला काहीच सांगावेसे वाटत नाही का?

मी: तू फार हौसेने दिला होतास, म्हणून संकोच वाटत होता. गेम वाईट नाही. पण तो मला भिडला नाही. लॉस एंजेलिसवरून बेतलेले ते शहर इतके बारकाईने उभे केले आहे की संध्याकाळी रेडिओ लावून समुद्रकाठच्या रस्त्याने गाडी चालवताना मी खरोखर रमलो. (लाल सिग्नलला मी थांबतही असे, हसू नकोस.) गोळीबार सुरू झाला की मात्र माझे लक्ष उडायचे.

ताई: तुला किळस आली असेल. अठरा पूर्ण होईपर्यंत मी त्याला तो घेऊ दिला नव्हता, ते याचसाठी.

मी: ताई, किळस आली असती तरी काहीतरी झाले असे म्हणता आले असते. त्यात एका प्रसंगी ट्रेव्हर नावाच्या पात्राच्या हातून एका बांधलेल्या माणसाचा छळ करायचा असतो आणि पाना, पक्कड, वीज की पाणी, हे आपणच निवडायचे असते. 2013 मध्ये गेम आला तेव्हा याच प्रसंगावर बरीच टीका झाली होती. मी मात्र कोणते बटण कधी दाबायचे, एवढ्याच विवंचनेत होतो. पुढे तोच ट्रेव्हर त्या माणसाला विमानतळावर सोडायला नेताना छळ किती निरुपयोगी असतो हे समजावून सांगतो. आधी माझ्याकडून ते करवून घ्यायचे आणि मग मलाच शहाणपण ऐकवायचे, ही मला लबाडी वाटली.

भाचा: तो उपरोध आहे, मामा. थट्टा सरकारी यंत्रणेची आहे.

मी: ते कळले रे, परंतु जाहिराती, पुढारी, योगासने, संसार, सगळ्यांचीच एका सुरात थट्टा चालली की कोणाचे काही झाले तरी फरक पडेनासा होतो. आपण मेलो, तरी थोडे पैसे वजा होऊन रुग्णालयाबाहेर पुन्हा उभे! मायकेलच्या घरात तेवढा माझा जीव गुंतला होता, कारण बायकामुले जुमानत नाहीत असा निवृत्त दरोडेखोर मी पूर्वी पाहिला नव्हता. पण तिथे जरा रेंगाळावे, तर पुढच्या दरोड्याचे बोलावणे आलेच.

बाबा: मी मागे बसून पाहत होतो. हा दोन तास डोंगरावर सायकल चढवत होता.

भाचा: आजोबा, तो माउंट चिलियाड! मामा, एकट्याने खेळून ही मजा कळणार नाही. शनिवारी रात्री आमच्याबरोबर ऑनलाइन ये.

मी: येतो, पण मी सायकलच घेणार.