मदत हवी आहे : इंजिन तापल्यावरच येणारा पी०१७१ कोड (इंदूर)

नमस्कार. माझ्या २०१३ च्या पेट्रोल गाडीत एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) आहे, सीएनजी किट नाही. इंजिन पुरते तापले की पलासियाच्या सिग्नलवर ते थरथरू लागते आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड येतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण नीट ठेवण्यासाठी गाडीचा संगणक सरासरी किती जादा पेट्रोल देतो ते) आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, +२२ टक्के, पण २५०० आरपीएमला अवघा +४ टक्के दिसतो, म्हणून इंधन पंपापेक्षा व्हॅक्यूम गळतीचाच, म्हणजे सेन्सरने न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरण्याचाच संशय वाटतो. प्लग बदलले, सेन्सर साफ केला, इंधनदाबही योग्य आहे. स्मोक टेस्टमध्ये (हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधतात ती) धूर कुठूनच निघाला नाही, मात्र ती थंड इंजिनावर झाली होती. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी पकडीने दाबून पाहिली, फरक पडला नाही. पीसीव्हीची (इंजिनाच्या क्रँककेसमधले वायू पुन्हा हवेच्या मार्गात नेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी तापल्यावर बोटांना मऊ लागते. गरम इंजिनावर पुन्हा स्मोक टेस्ट घ्यावी, की ही नळी क्षणभर बंद करून ट्रिम उतरतो का, एवढे पाहणे निदानास पुरेसे ठरेल?