तंबाखूच्या पाइपला बाहेरून कोणते पॉलिश सुरक्षित? मदत हवी आहे
ब्रायरच्या (एका झुडपाच्या मुळाजवळील गाठीच्या) लाकडाचा पाइप मी स्वतः कोरला असून आता फक्त बाहेरून पॉलिश करणे बाकी आहे. निखारा जिथे थेट लाकडाला भिडतो ती आतली वाटी कोरीच ठेवणार आहे. आधीच्या पाइपला पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर देणारे वॉर्निश) लावले, तर तिसऱ्यांदा ओढतानाच काठालगत मुगाएवढे फोड आले. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून ते बाद. कार्नौबा मेण (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांचे) ८२ अंशांपर्यंत तग धरते, परंतु ते इतके कडक असते की हाताने घासून नीट चढत नाही, आणि बफिंगचे (फिरत्या कापडी चाकाने घासून चकाकी आणण्याचे) यंत्र माझ्याकडे नाही. ड्रिल मशीनला कापडी चाक लावून ते चढवता येईल का, की आधी पातळ लाखेचा एक हात द्यावा? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.