विषय: कापसाच्या व्याख्यानाला वक्ता, आणि वक्त्याचं राजकारण

सर्वांना नमस्कार,

कापसावरच्या व्याख्यानासाठी ज्या शास्त्रज्ञांचं नाव सुचलं होतं, त्याला दोघातिघांनी हरकत घेतली आहे. त्यांची राजकीय मतं सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा संशोधनही त्याच रंगाचं असणार, असं हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं. इथे परदेशातल्या आपल्या मंडळात जळगाव-धुळ्याकडची इतकी माणसं आहेत, बहुतेकांच्या घरी आजही कापूस आहे. आप्पा, भाऊ, तुमचं मत कळवा.

— कार्यवाह

—

ताई, राम राम. सध्या चोपड्याला सासुरवाडीत आहे, म्हणून उशीर.

हरकत अगदीच बिनबुडाची नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 73 संशोधक-गटांना एकच आकडेवारी आणि एकच प्रश्न दिला होता: बाहेरून येऊन वसणारे वाढले की सरकारी कल्याणयोजनांना लोकांचा असलेला पाठिंबा घटतो का? (प्रश्न आपल्यासारख्यांबद्दलचाच.) घटतो, वाढतो, काही फरक पडत नाही, अशी तिन्ही उत्तरं आली. पुढे जॉर्ज बोर्हास आणि नेट ब्रेझनाऊ यांनी तीच उत्तरं पुन्हा तपासली, तेव्हा स्थलांतराबद्दल गटाचं आधीचं मत आणि त्याचं उत्तर यांचा मेळ दिसला. त्यासाठी खोटे आकडे लिहावे लागत नाहीत. कोणते देश घ्यायचे, कोणती वर्षं, हिशेबात काय धरायचं, एवढ्या निवडी पुरतात.

आता आपला कापूस बघा. बीटी म्हणजे बोंडअळीला मारक असं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस; त्याला परवानगी 2002 ची. काथागे आणि काइम या कृषी-अर्थतज्ज्ञांनी 2002 ते 2008 चा काळ तपासला आणि बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्के, नफा 50 टक्के वाढल्याचं सांगितलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या मते उत्पादनवाढीचा मेळ खतं आणि इतर निविष्ठांशी जास्त बसतो. फवारणी सुरुवातीला घटली, पण गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, रसशोषक किडी वाढल्या, आणि शेतकऱ्याचा औषधांवरचा खर्च बीटीपूर्वीपेक्षाही वर गेला. या चौघांचं राजकारण मला माहीत नाही आणि इथे त्याची गरजही नाही. हिशेब कोणत्या वर्षी थांबवला, एवढ्यानेच चित्र किती पालटतं ते बघा. मनात आधीच बाजू ठरलेली असेल, तर सोयीचं वर्ष सापडायला कितीसा वेळ लागतो?

परवा सासऱ्यांनी मेमध्ये ठिबकवर लावलेल्या कपाशीची हिरवी बोंडं फोडून दाखवली. बाहेरून धड दिसणारं बोंड, आत रुई पिवळट, सरकी पोखरलेली आणि तिला चिकटून गुलाबी अळी. वेचणीला याची कवडी, म्हणजे नीट न उमललेली खराब रुई, होणार. लवकर लावलेल्या कपाशीत अळीला लवकर खाणं मिळतं, आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं शेतात राखली, की उन्हाळ्यापर्यंत तिची सोय होते. पारोळ्याकडच्या कोरडवाहू कपाशीची गोष्ट वेगळी. दोन्हींची मिळून सरासरी काढली की ना चोपड्याचं खरं कळतं, ना पारोळ्याचं. वक्त्याला हे विचारायला हवं.

— भाऊ

—

भाऊ, छान लिहिलंस. पण मला मतापेक्षा सत्तेची भीती जास्त वाटते.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर उजवे, वंशसुधारणेचे पुरस्कर्ते. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन कम्युनिस्ट, पुढे 1957 साली भारतात येऊन राहिलेले. तरी लोकसंख्या-जनुकशास्त्राचा पाया या दोघांनी आणि सीवॉल राइट यांनी घातला, कारण एकाचं गणित दुसऱ्याला तपासता येत होतं. तेच हॉल्डेन जनुकशास्त्रच नाकारणाऱ्या सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेन्कोविरुद्ध उघड बोलायला मात्र बरीच वर्षं कचरले, आणि ते पक्षनिष्ठेपायीच, असं मला वाटतं. तिकडे रशियात लायसेन्कोला स्टालिनचं पाठबळ होतं. जगभरातून बियाणं गोळा करणाऱ्या आणि लायसेन्कोला विरोध करणाऱ्या निकोलाय वाविलोव्हना 1940 मध्ये अटक झाली, 1943 मध्ये ते सारातोव्हच्या तुरुंगात वारले. चूक दाखवणाराच आत गेला, मग दुरुस्ती कोण करणार?

म्हणून मतांवरून वक्ता नाकारायला माझा साफ विरोध आहे. त्यांना बोलवा, आणि त्यांच्याशी न पटणाऱ्या शास्त्रज्ञालाही त्याच दिवशी बोलवा.

— आप्पा

—

आप्पा, पटलं. ताई, दोघांनाही आधीच लिहून विचारा: कोणती वर्षं घेतली आणि का, कोरडवाहू की ठिबक, पैसा कोणाचा, मूळ आकडे कोणालाही बघता येतात का. आकडे पाठवले तर मंडळातले आकडेवारी जाणणारे दोघं ते चाळतील.

सासऱ्यांकडे दर वेचणीच्या वजनाच्या आणि फवारणीच्या खर्चाच्या वह्या आहेत. त्यांचे फोटो मी काढून आणतो. त्यांनाही कार्यक्रमाला जोडून घ्या, तिकडची संध्याकाळ साधेल अशी वेळ ठेवा. त्यांचे स्वतःचे प्रश्न तयार आहेत.

— भाऊ