दृष्टी गेलेल्या आतेला हे चित्र कसं सांगू?

मोरजीकरीण:
नमस्कार मंडळी. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या मोरजीच्या घराची मागची खोली तीन सीझन एका रशियन बाईंनी भाड्याने घेतली होती. पन्नाशीच्या असतील. सकाळी समुद्रावर, दुपारभर खोलीत, आणि खोलीला कायम टर्पेंटाइनचा वास. एप्रिलात परत जाताना त्यांनी एक चित्र माझ्या हातात ठेवलं आणि "फॉर आंटी" एवढंच म्हणाल्या. आंटी म्हणजे माझी आते. काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन सात वर्षं झाली, आणि हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. दोघी रोज दिवेलागणीला सोप्यावर बसून एकमेकींच्या भाषेतला एक शब्द न समजता तासभर बोलायच्या. तरीही तिच्यासाठी चित्रच.

आता आते रोज विचारते, "बाये, कशी दिसता गो ती?" आणि माझी बोबडी वळते.

चित्र साधारण दीड फूट उंच, कॅनव्हासवर तैलरंगात. मागे पेन्सिलीने रशियन अक्षरांत एक शब्द आहे. फोनने तो "क्रेस्त्यांका, म्हणजे शेतकरी स्त्री" असा वाचला. चित्रात कंबरेपर्यंत एक मुलगी, चौदा-पंधराची. लाल बिनबाह्यांचा झगा, आत पांढरा सैल बाह्यांचा सदरा. डोक्यावर लाल मुकुटासारखं काहीतरी. खांद्यावरून पुढे घेतलेली एक वेणी, गळ्यात मण्यांची माळ, हातात चार-पाच निळी फुलं. मागे सगळं काळपट.

पहिल्या दिवशी मी नेमकं एवढंच सांगितलं. आते म्हणाली, "मुकुट? देवी काय गो ती?" मी म्हटलं, नाही, शेतकऱ्याची मुलगी. "शेतकाराचें चेडूं आनी मुकुट?" संपलं. त्या दिवसापासून तिच्या मनात सातेरीच्या देवळातली मूर्ती बसली आहे, ती काही केल्या निघत नाही. वर रोज नवे प्रश्न. लग्न जालां काय तिचें? हात कशे आसात? ती कोणाक पळयता?

कुणाला रशियन पोशाखाची माहिती असेल तर सांगा. आणि न दिसणाऱ्या माणसाला चित्र सांगायचं कसं, हेही.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर (फोंडा):
ताई, फोटो मोठा करून पाहिला. मूळ चित्र कुणा नावाजलेल्या चित्रकाराचं नाही, तुमच्या भाडेकरू बाईंचंच दिसतंय. पण त्यांनी कुणाला डोळ्यांसमोर ठेवलं असावं याचा अंदाज करता येतो. अलेक्सेई वेनेत्सियानोव्ह (१७८० ते १८४७). रशियातल्या शेतकऱ्यांना चित्राच्या मध्यभागी आणून बसवणारा हाच पहिला मोठा माणूस. त्याचं १८२०च्या दशकातलं एक चित्र आहे, निळी फुलं घेतलेली शेतकरी मुलगी. ही फुलं राय नावाच्या धान्याच्या शेतात तण म्हणून उगवतात, आपल्या भाताच्या कुणग्यात गवत माजतं तशीच. म्हणजे मुलीच्या हातात बागेतला गुच्छ नाही. काम करता करता उपटलेलं तण आहे ते. आतेंना हे सांगा, शेतात वाकलेली बाई असेल तर लगेच समजेल.

वेनेत्सियानोव्हने त्वेर प्रांतात आपल्या जमिनीवर चित्रशाळा काढली. त्याच्या शिष्यांत भूदासही होते, म्हणजे जमिनीबरोबर ज्यांची मालकी असते अशी माणसं. त्यातला ग्रिगोरी सरोका फार गुणी होता. त्याला मुक्त करा म्हणून गुरूने खटपट केली, मालकाने सोडलं नाही. रशियात ही प्रथा मोडली ती १८६१ साली.

हे आतेंना सांगायची गरज नाही. पण शेतकरी मुलीचं चित्र हा त्या देशात नुसता गोडवा नव्हता, एवढं तुम्हाला तरी माहीत असावं म्हणून लिहिलं. माझी सवयच आहे, मुलं फळा पुसायची तरी मी बोलत असायचो.

आणि एक. पावसाळा आलाय. समुद्राकडच्या भिंतीवर चित्र टांगू नका, भिंत आणि चित्रामध्ये बोटभर फट ठेवा, बुरशी दिसली तर ओलं फडकं अजिबात लावू नका.

लाव्रुशिन्स्की_गल्ली:
मी १९८०च्या दशकात मॉस्कोत शिकायला होतो, आता म्हापशात असतो. लाव्रुशिन्स्की गल्लीतल्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात रविवार घालवायचो, कारण आत ऊब असायची. खरं कारण तेच.

मुकुटाचं आधी निस्तरू. तो मुकुट नाही. कपाळावरून मागे बांधलेली रुंद पट्टी आहे, आतून ताठ केलेली, वरून उघडी. तुमच्या फोटोत माथ्यावरचे केस दिसताहेत, पाहा. ही कुमारिकेची खूण. लग्न झालेल्या बाईचे केस पूर्ण झाकलेले असत. तिच्या डोक्यावर कोकोश्निक किंवा दुसरं बंद शिरोभूषण, नाहीतर रुमाल. परक्यासमोर डोकं उघडं पडणं म्हणजे लाज; रशियनमध्ये "फजिती होणे" या अर्थाचं एक क्रियापदच त्यावरून आलंय.

दुसरी खूण वेणी. मुलीची एक, सवाष्णीच्या दोन. लग्नाच्या वेळी मैत्रिणी गाणी म्हणत, रडत, ती एक वेणी सोडायच्या. मग दोन घालून डोक्याभोवती गुंडाळायच्या, आणि त्या परत कुणाला दिसायच्या नाहीत. तेव्हा आतेंच्या प्रश्नाचं उत्तर: लग्न झालेलं नाही. चित्रकर्तीने वेणी मुद्दाम पुढे घेतलीय ती हेच सांगायला.

लाल झगा म्हणजे साराफान. शब्द मूळ फारसी "सरापा", डोक्यापासून पायापर्यंत. आपला "शिरपाव" त्याच घरातला. मला हे मॉस्कोत कळलं तेव्हा इतका आनंद झाला की खानावळीतल्या आजीला समजावायला गेलो. तिने मला जास्तीचं सूप वाढलं, बहुतेक दयेपोटी. आत जो सदरा आहे तो रुबाखा, जवसाच्या धाग्याचा. आणि रशियनमध्ये लाल आणि सुंदर हे शब्द एकाच मुळातले आहेत, घरात जिथे देवाची चित्रं ठेवतात त्या कोपऱ्यालाही "लाल कोपरा" म्हणतात. म्हणून नटायचं म्हटलं की लाल.

त्याच संग्रहालयात इवान अर्गुनोव्हने १७८४ साली काढलेलं, रशियन पोशाखातल्या एका अनोळखी स्त्रीचं चित्र आहे. तिच्या डोक्यावर खरा कोकोश्निक आहे, म्हणून काही जाणकार तिला विवाहित समजतात. कुणी मोठ्या घरची दाई म्हणतं, कुणी नाटकातली नटी. नाव मात्र कुणालाच सापडलं नाही. अर्गुनोव्ह स्वतः शेरेमेत्येव्ह उमरावांच्या मालकीचा भूदास होता. त्या चित्रासमोर मी फार वेळ उभा राहायचो. त्यातली बाई कुणाची कीव मागत नाही.

माणकुरादप्रेमी:
सगळे रशियन मुलीवर फिदा. आपल्या गोव्यातल्या गावडा समाजाच्या बायका, लाल चौकड्यांचं कापड, खांद्यावरची गाठ, हे कुणी विचारत नाही. सांग्यात १८७० साली जन्मलेला आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला, तिथेच शिकवलं, माणसांची चित्रं काढावी तर त्याने. पणजीत फोंताइन्यात त्याची चित्रं बघायला मिळतात. किती गोंयकार गेलेत?

मोरजीकरीण:
@माणकुरादप्रेमी मी गेले नाही, कबूल. आतेला घेऊन जाईन म्हणते. पण राग त्या मुलीवर काढू नका, ती आमच्या भिंतीवर पाहुणी आहे. आणि खांद्यावरच्या गाठीचं सुचवलंत ते बरं झालं. साराफानच्या पट्ट्या खांद्यावर कुठे बसतात ते सांगायला मला तीच उपयोगी पडणार आहे. आतेची आजी तसंच नेसायची.

वाचून_दाखवते:
मी काही वर्षं दृष्टिहीन मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, चित्रांसकट. अनुभवाचं सांगते.

आधी चौकट त्यांच्या हातात द्या. केवढं आहे ते हातांना कळू दे. मग त्यात माणूस केवढा: "तुमचं डोकं असतं तेवढंच तिचं डोकं" असं काहीतरी. नंतर त्यांच्याच अंगावर दाखवा. वेणी इथून निघते आणि इथे संपते. डावं-उजवं म्हणू नका; कुणाचं डावं, यातच वेळ जातो.

आते साठीपर्यंत पाहत होत्या ना? मग रंग त्यांच्याकडे आहेत, फक्त पत्ता द्यायचा. नुसतं "निळा" म्हणू नका.

आणि तोंडावरचा भाव तुम्ही ठरवू नका. "उदास आहे" म्हटलंत की त्यांना तुमचं मत मिळतं, चित्र नाही. ओठ काय करताहेत ते सांगा. उदास की नाही ते त्या बघतील.

मोरजीकरीण:
काल संध्याकाळी बसलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी मेहनत घेतलीत.

चौकट मांडीवर दिली. तिने कडा चाचपल्या, मागची खिळ्यांची रांग मोजली (अकरा), मग म्हणाली, सांग. मी आधी मुकुट परत घेतला. चार बोटं रुंद पट्टी, कपाळावर, वर केस मोकळे. "आनी वेणी?" एकच. तिने लगेच "म्हणजे चेडूंच" म्हटलं, मी रशियाचं काही सांगायच्या आधी. मग लग्नातली वेणी सोडायची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

रंग असे सांगितले. झगा पिकल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा, खाली थोडा विटलेला, चिऱ्याच्या रंगाकडे गेलेला. केस, मळणी झाल्यावर उन्हात पडलेल्या भाताच्या पेंढ्यासारखे. फुलं गोकर्णीची निळी. मणी अबोलीच्या रंगाचे. डोळ्यांना मात्र मी अडले. राखाडी म्हणायचं तर ते चुलीतल्या राखेसारखे नाहीत. शेवटी म्हटलं, मिरगाच्या आदल्या दिवशीचा दर्या, पाऊस येणार पण अजून आला नाही तेव्हाचा. "हां," म्हणाली. तेवढंच, पण तो हां वेगळा होता.

मग हात. ते सांगताना मला कळलं की मी ते आजवर नीट पाहिलेच नव्हते. चेहऱ्याहून हात मोठे वाटतात. बोटांची पेरं तांबडी. एका नखाखाली काळी रेघ आहे, ती मी रंग सांडलाय असं समजत होते, ती माती आहे. फुलं तिने देठांच्या तळाशी धरलीत, मूठ घट्ट, कोथिंबिरीची जुडी धरतो तशी. आतेने स्वतःची मूठ तशी केली. "अशी?" अंगठा जरा वर. "अशी?" हो.

ओठ मिटलेले. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा किंचित आत ओढलेला. मी हसते की नाही ते सांगितलं नाही. आते म्हणाली, "तिका कोणें तरी उबें रावंक सांगलां आनी तिचें काम उरलां." असेलही. आता मला दुसरं काही दिसतच नाही.

राहता राहिलं, कुणाकडे पाहते. जरा बाजूला, पाहणाऱ्याच्या खांद्यावरून मागे. मी बाकावर बसते तेव्हा माझ्या मागे खोलीचं दार येतं. आतेने विचारलं, "त्या बायेच्या कुडीचें दार?" हो, तेच. चित्र बिछान्यासमोर लावायचं ठरलं होतं. आता ते सोप्यावर, आतल्या भिंतीला, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे बोटभर फट ठेवून.

झोपताना तिने मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरले, तीस वर्षांनी. एकच वेणी घातली. माझ्या केसांची मिळून जेमतेम वीतभर होते, त्यावर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

@लाव्रुशिन्स्की_गल्ली आतेचा एक प्रश्न शिल्लक आहे. त्या निळ्या फुलांना वास असतो का?

लाव्रुशिन्स्की_गल्ली:
जवळजवळ नाही. नाकाला लावलं तरी गवताचाच येतो.

मोरजीकरीण:
सांगितलं. म्हणाली, "मागीर माळून कितें फायदो? बरें, हातांतच धरल्यां तें."