अडकलेला रिफंड आणि नावातला एच : तुमचेही अनुभव लिहा

शहापूरकर
गणपती जवळ आले म्हणून माळा काढायला घेतला तर बाबांची पत्र्याची ट्रंक हाताला लागली. आत विम्याच्या पावत्या, रेशनकार्डाच्या तीन पिढ्या आणि एका पिवळ्या पाकिटात इन्कम टॅक्स रिफंडचा चेक. ४,३१० रुपये, २०१३ सालचा, न वटलेला. बघून तिथंच बसलो खाली, बायको म्हणते जळमटं तरी काढून बसा.

तेव्हाचं आठवतंय ना? नेट कॅफेत रिटर्न भरायचं, आयटीआर-व्हीची (रिटर्न भरल्याच्या पोचपावतीची) प्रिंट काढायची, निळ्या शाईनं सही करायची आणि बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवायची, कुरिअर चालायचं नाही. १२० दिवसांत पोचली पाहिजे. बारकोडवर घडी पडू नये म्हणून बाबांनी पाकिटात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घातलेला. चेक आला तो आधी देवापुढं ठेवला, मग बँकेत. क्लार्कनं पासबुक आणि चेक शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं. पासबुकात बाबांचं नाव इंग्रजीत गणपती, बिनएचचं. चेकवर टीच्या पुढं एच. पॅनचा फॉर्म भरणारा एजंट कन्नड शाळेत शिकलेला, तिकडं 'त' ला टी-एच लिहायची पद्धत, त्याच्या दृष्टीनं त्यानं बरोबरच लिहिलं. बाबा मराठी शाळेचे मास्तर, घरी येऊन म्हणाले, "माझ्या नावात हवा कुणी भरली रे?"

ॲफिडेव्हिट करा, अर्ज द्या, यात तीन महिने गेले आणि चेकची मुदतच संपली. नंतर त्यांनी विषय काढला नाही. चेक मात्र फेकला नाही.

यंदा माझाही रिफंड अडकलाय, तोच एच. तुमचं काय?

खानापूरची_सविता
माझ्याही नावात एच आहे 😄 आधारवर आहे, पॅनवर नाही. लग्नानंतरचं आडनाव बँकेत आहे, पॅनला माहेरचं. म्हणजे सरकारदरबारी मी तीन बायका आहे. नवरा म्हणतो एकीचा पण रिफंड येत नाही.

फौंड्री_उद्यमबाग
बगा मी सांगतो, उलटी केस हाय. शिनोळीत होतो कामाला, राहायला बेळगावात, सकाळी बाईक मारायची, हद्द ओलांडली की महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स कापायचे. ऑक्टोबरात ती नोकरी सोडून इकडं उद्यमबागेत लागलो आता कर्नाटकाचा कापायले. ते जाऊ दे दोनशे रुपयाचं काय. पण नवीन कंपनीला जुन्या पगाराचं सांगितलंच नाही मी, कोण विचारलं पण नाही. दोघांनी आपापल्या हिशोबात पूर्ण सूट धरली, दोघांनी स्टँडर्ड डिडक्शन पण दिलं, टॅक्स लई कमी कापला. मी खूश. रिटर्न भरायला बसलो रिफंड बगायला तर उलटं भरायचे निघाले अठरा हजार वर व्याज. नोकरी बदलली की जुन्या पगाराचा हिशोब नवीन ठिकाणी द्यायचा असतोय, फॉर्म १२बी का काय म्हणायचे तवा. मला कोण सांगितलं नव्हतं बे.

टिळकवाडी_आजोबा
शहापूरकर, तुमच्या वडिलांचा किस्सा वाचून डोळ्यांत पाणी आले. मीही निवृत्त शिक्षक. वेतन आयोगाचा फरक एकदम मिळाला त्या वर्षी टॅक्सही एकदम बसला. कलम ८९ ची सवलत असते असे ऐकून रिटर्नमध्ये ती घेतली पण आधी पोर्टलवर १०ई फॉर्म भरावा लागतो हे ठाऊक नव्हते. रिटर्न तपासल्याची १४३(१) ची सूचना आली, सवलत शून्य, रिफंड नाही वर मागणी. सुनेने नंतर १०ई भरून रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) केले पण लगेच काही झाले नाही, दोनदा करावे लागले. आता व्याटस्यापवर सर्व मास्तरांना आधी १०ई मग रिटर्न असे पाठवत असतो. कुणी वाचत नाही.

खडेबाजार
साडीचं खोकं आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या साडीचंच असणार, बाकी कुणाचा पुठ्ठा एवढा टिकतोय 😂

वडगाव_माग
@खडेबाजार माग बंद पडत चाललेत आणि तुम्हाला पुठ्ठ्याचं पडलंय. गल्लीत पूर्वी खडखडाटानं बोलणं ऐकू यायचं नाही, आता दुपारी कुत्री झोपल्यात रस्त्यात.

खडेबाजार
खरं आहे दादा. आईकडं अजून एक शहापुरी साडी आहे, काठ फाटला पण रंग गेला नाही.

निपाणीची_सून
सगळ्यांनी आधी एक बघा, पॅन आधारला लिंक आहे का. माझ्या सासूबाईंचं राहिलं होतं. ३० जून २०२३ ची मुदत गेली, पॅन निष्क्रिय झालं, एफडीवर बँकेनं टीडीएस २० टक्क्यांनी कापला, आणि पॅन बंद असताना रिफंड निघत नाही, त्या काळाचं व्याजही नाही. हजार रुपये भरून लिंक करायला गेले तर नाव जुळेना. आधारवर नाव आधी, पॅनवर माहेरच्या वडिलांचं नाव मधे घुसलेलं. आधी आधार दुरुस्त, त्यासाठी मुलाच्या शाळेची फी भरायची रांग सोडून आधारच्या रांगेत, सासूबाईंच्या बोटांचे ठसेच उमटेनात, आयुष्यभर तंबाखू चाळलेली बोटं, तो मुलगा म्हणतो आजी हात धुऊन या. तीनदा धुतले. चौथ्यांदा त्यांनीच त्याला सुनावलं की बाळा हे धुऊन जाणारं काम नव्हतं. मग डोळ्यांवर झालं. (कुकर लावलाय, पुढचं नंतर लिहिते)

फौंड्री_उद्यमबाग
वहिनी पुढचं लिवा की, रिफंड आला का नाही

जांबोटी_रानातून
आमच्याकडं सगळं बरोबर आहे नाव पण बरोबर, फक्त रेंज नाही. रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही तर भरल्या दिवसाची तारीख धरत नाहीत ना, तर आधारचा ओटीपी पंधरा मिनिटं टिकतो. लॅपटॉप घरात वायफायवर आणि मोबाईलला रेंज वरच्या काजूच्या झाडाखाली. पोरगा झाडाखाली, तिथनं ओरडून आकडे सांगायचा, मधे शेजारच्या काकूंनी वाटेत उभं राहून रिले केलं. चार म्हटलं का आठ यात एकदा चुकलं. आता अख्ख्या वाडीला माझा ओटीपी पाठ आहे असं समजा.

सविता, खानापूरची तुम्ही म्हणजे स्टेशनरोडच्या का?

खानापूरची_सविता
नाही हो नंदगडची, खानापूर लिहिलं की लोकांना कळतं म्हणून.

हिंडलगा_९०
मॅसेज आलेला १५,४९० रिफंड मंजूर, लिंकवर खातं तपासा. मी कधी रिटर्नच भरलं नाही तरी दाबणार होतो 🤦 बायकोनं फोन ओढून घेतला

टिळकवाडी_आजोबा
त्या लिंका दाबू नयेत. खाते क्रमांक पोर्टलवर लॉगिन करूनच बघावा, रिफंडसाठी ओटीपी फोनवर कुणी मागत नाही. रिटर्न न भरता रिफंड येईल कुठून?

हिंडलगा_९०
तेच तर वाटलं सर, सरकार उदार झालं

अनगोळ_अण्णा
शहापूरकर, तुमचं आताचं काय झालं ते नीट सांगा मग बघू. स्टेटस काय दाखवतंय? रिफंड फेल्ड असेल तर वेगळं, प्रोसेसच झालं नसेल तर वेगळं. माझ्याकडं प्रोसेस झालं होतं, पण खातं ज्या बँकेत ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी बदलला, आणि मी जुनाच ठेवून बसलेलो. पैसे जाऊन परत गेले. नवा कोड टाकून खातं पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट केलं (म्हणजे आधी तपासून घेतलं), रिफंड रिइश्यूची, म्हणजे पुन्हा पाठवायची विनंती टाकली, पंधरा दिवसांत आले. व्याजासकट. अर्धा टक्का महिना. पण ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं हां, एआयएसमध्ये (खात्याकडच्या आपल्या वर्षाच्या गोषवाऱ्यात) दिसतंच, मी विसरलो होतो आणि तेवढ्यासाठी सुधारित रिटर्न भरलं.

शहापूरकर
अण्णा, प्रोसेस झालंय, खातं व्हॅलिडेट होईना, "नाव जुळत नाही" म्हणतंय. बाबांनी माझं नाव ठेवलं त्यात 'त' आहे, त्याच एजंटनं माझंही पॅन काढलेलं 😐

अनगोळ_अण्णा
मग पॅनमधलं नाव दुरुस्त करायला टाका, आधारप्रमाणे. आधारवर तरी एच नाही ना? बँकेत नाव बदलू नका, नाहीतर उद्या पासबुक आणि घरपट्टी जुळायची नाही. पॅन दुरुस्त झालं की खातं पुन्हा व्हॅलिडेट करायचं, मग रिइश्यू.

कॅम्प_भागातली
वडील वारल्यावर त्यांचा रिफंड कोणी काढलाय का? आमचे अप्पा मार्चमध्ये गेले. वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करायची आहे. नाडकचेरीतून (इथलं महसूल कार्यालय) वंशवृक्ष आणला तो कन्नडमध्ये, मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये, दोन्हीचं इंग्रजी करून नोटरी मारायला सांगितलंय. आणि वंशवृक्षात अप्पांच्या नावात एच आहे. मी हसले तिथंच, तो तलाठी बघायला लागला.

शहापूरकर
ताई, वाईट वाटलं. नोटरी करताना इंग्रजीत पॅनप्रमाणे स्पेलिंग घालून "उर्फ" म्हणून दोन्ही लिहून घ्या, मी आईच्या पेन्शनला तसंच केलेलं, चाललं.

कॅम्प_भागातली
उर्फ! हे सुचलंच नव्हतं. उद्या जाते.

निपाणीची_सून
कुकर झाला. हो आला रिफंड, ६,१२० रुपये. सासूबाईंनी त्यातले हजार त्या आधारवाल्या पोराला द्यायला सांगितलेत, मी दिले नाहीत, कुंदा (आपली बेळगावची मिठाई) नेऊन दिला पाव किलो.

खडेबाजार
निपाणीत कुंदा? बेळगावातनं मागवला का तिकडंच केलेला, ते आधी सांगा