केनेल कफ : बोर्डिंगला ठेवण्याआधी आणि खोकला लागल्यावर

दिवाळीत कुत्रं बोर्डिंगला ठेवलं की घरी आणल्यावर आठवड्याभरात ठसकायला लागतं. हाच केनेल कफ, कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. लस, औषध, साफसफाई, जे नेमकं ठाऊक असेल ते इथे लिहा.

शेपटीवाली
'नाइन इन वन' (कुत्र्यांची एकत्रित लस) झालं म्हणजे सगळं झालं, हा समज आधी काढून टाका. केनेल कफ आणणाऱ्यांपैकी पॅराइन्फ्लुएन्झा हा विषाणू त्यात असतो, बोर्डेटेला हा जिवाणू नसतो. बोर्डेटेलाची लस वेगळी. टोचायची असेल तर पहिल्या वर्षी २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि दुसऱ्या डोसनंतर बोर्डिंगआधी आठवडाभर थांबायचं. म्हणजे पहिला डोस घटस्थापनेच्या आत हवा. नाकात सोडायची लस ३-४ दिवसांत काम सुरू करते. ती कधीही टोचायची नाही, त्यात जिवंत जिवाणू असतात. गळू होतं, यकृतालाही इजा होते.

दवाखान्यातून
घशात हाड अडकलंय असं वाटायला लावणारा कोरडा खोकला, शेवटी उबळ आणि पांढरा फेस. कृपा करून घशात बोटं घालू नका. श्वासनलिका सुजलेली असते, गळपट्टा ओढला की पुन्हा ठसका. पट्टा काढा, हार्नेस घाला. अंगात तरतरी असेल, खाणं चालू असेल तर बहुतेकदा २-३ आठवड्यांत आपोआप बरं होतं, अँटिबायोटिक लागत नाही.
गाढ झोपेत श्वास मोजा : छाती वर-खाली मिळून एक. मिनिटाला ३०च्या वर, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, किंवा डोळ्या-नाकातून चिकट स्राव, तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू असेल तर वाट बघूच नका.

मोती_आणि_मी
डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर खाण्यासोबत द्या आणि मागून सिरिंजने ५ मिली पाणी गालाच्या कडेने हळूहळू सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटली की तिथे जखम होते. घरातलं माणसांचं कफ सिरप नको. कुत्र्याला विषारी असं पॅरासिटामॉल, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) काहीही असू शकतं त्यात.

बोर्डिंगवाले
आधी साबणाने घासून मगच ब्लीच : १ भागाला ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. लाळ-घाण राहिली तर ब्लीच वाया. पण खरा प्रसार हवेतून, त्यामुळे बंद खोलीत कितीही पुसा, खिडकी उघडी हवीच. खोकला थांबल्यावरही दोन आठवडे इतर कुत्र्यांत सोडू नका.

शेपटीवाली
राहिलंच. नाकातल्या लशीनंतर काही कुत्री दोन-चार दिवस शिंकतात, थोडं खोकतातही. बोर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी देऊ नका.